बासष्ट लिटरचं खोकं

पक्कड मागच्या वर्षी प्रोजेक्टमध्ये नापास झाली ती एका साध्या प्रश्नामुळे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघत विचारलं होतं, "यात तू स्वतः काय केलंस?"

गट चौघांचा होता. यंत्र दुकानातून तयार आणलेलं, वहीतला मजकूर दुसऱ्या कुणाच्या तरी वहीतून उतरवलेला, आणि घाम तेवढा चौघांचा स्वतःचा. बाकीच्या तिघांनी धडधडीत थापा मारल्या. पक्कडने खरं ते सांगितलं, "सर, मुखपृष्ठ." नेहमी खरं बोलावं असं शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, पण ती भिंत तोंडी परीक्षेला आपल्याबरोबर येत नाही. तिघे पास झाले आणि मुखपृष्ठ नापास झालं.

पक्कड हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. दोन वर्षांची असताना तिने रेडिओचं बटण उपटून मुठीत धरलं होतं. ते सोडवायला तीन मोठी माणसं लागली, तेव्हा बाबांनी हे नाव ठेवलं. हातात घेतलेलं काही सोडायचं नाही हा स्वभाव पुढेही तसाच राहिला, त्यामुळे नावही राहिलं. तर या पक्कडने नापासाचा कागद हातात घेऊन शपथ घेतली की पुढचा प्रोजेक्ट एकटीने करायचा. फळी मी कापणार, तार मी जोडणार, एकूण एक स्क्रू मी पिळणार. परीक्षक तेच येणार होते आणि प्रश्नही तोच विचारणार होते. पुन्हा उत्तर नसलं तर अख्खं वर्ष पाण्यात.

विषय घेतला सबवूफर. ज्यांना हा प्राणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रस्त्यावरून एखादी गाडी जाते, गाणं काही ऐकू येत नाही, पण आपल्या छातीत कुणीतरी दार ठोठावल्यासारखं होतं ना? ते ठोठावणारं यंत्र म्हणजे सबवूफर. दहा इंची स्पीकर, मागे एक भक्कम बंद खोकं, खोक्याला एक नळी. सगळी गंमत खोक्याच्या मापात. पक्कडने तीन दिवस आकडेमोड करून माप काढलं: आतली जागा साठ लिटर. त्यात चूक झाली की आवाजाचा कारभार आटोपला.

इथवर सगळं ठीक होतं. तिची चूक एवढीच झाली की तिने हे जेवताना सांगितलं.

"मी एकटी करणार आहे, कुणी मदत करायची नाही," असं घरात जाहीर करणं म्हणजे सगळ्यांना आवतण देण्यासारखंच. आईने लगेच विचारलं, "ठेवणार कुठे ते धूड?" आणि बाबांचा घास हातातच राहिला.

"किती म्हणालीस? साठ लिटर?"

बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांच्या तागड्या तपासल्या होत्या, लिटरची मापं पालथी घातली होती. इतर घरांत दर्शनी फळीवर ढाली आणि करंडक असतात, त्यांच्या घरात पन्नास मिलिलिटरपासून पाच लिटरपर्यंतची शिक्का मारलेली पितळी मापं उंचीप्रमाणे उभी होती. दूधवाला दारात आला की न सांगता आधी माप पालथं करून दाखवायचा. मुलगी इलेक्ट्रॉनिक्स का काय ते शिकते याचा बाबांना अभिमान होता, पण त्यातलं अक्षरही कळत नसे, आणि हे त्यांना आतून फार लागायचं. आज प्रथमच मुलीचा अभ्यास लिटरमध्ये आला होता.

"साठ लिटर! मग असं बोल की आधी," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते बघून पक्कडने घाईघाईने विषय बदलला.

कॉलेजात वेगळीच तऱ्हा. गाईड मॅडमनी सांगितलं, "सगळं स्वतः कर आणि मला काही विचारू नकोस." पक्कड करवत मागायला वर्कशॉपमध्ये गेली, तर तिथे उत्तर मिळालं की करवत पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी असते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना करवत येते असं नियम धरून चालतो, त्यामुळे ती त्यांना मिळत नाही. मग ती स्टोअरमध्ये गेली. आवाज मोजायचं एक यंत्र, साउंड मीटर, तिला दोन आठवड्यांसाठी हवं होतं. स्टोअरवाले काका रजिस्टरवर बशी ठेवून चहा पीत होते.

"आहे की," काका म्हणाले. "पण उपलब्ध नाही."

"म्हणजे काय, काका?"

"रजिस्टरला आहे. म्हणून आहे. मला दिसत नाही, म्हणून उपलब्ध नाही. तू अर्ज कर."

पक्कडने अर्ज केला, तीन प्रतींत. अर्ज विभागप्रमुखांकडे गेला, तिथून कार्यालयात, तिथून परत स्टोअरमध्ये, आणि दहा दिवसांनी शिक्का घेऊन आला: 'उपलब्ध नाही. पुन्हा अर्ज करावा.' तिने पुन्हा केला. असे चार अर्ज झाले. चौथ्या वेळी काका कौतुकाने म्हणाले, "अक्षर सुधारलं हं तुझं."

करवतीचा प्रश्न सुटेना म्हणून ती गल्लीच्या टोकाच्या सुतारकाकांकडे गेली. फक्त करवत मागायला. सुतारकाकांनी नकाशा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "दार कुठाय?"

"दार नाही, काका. हे बंद खोकं आहे."

"मग उघडायचं कसं?"

"उघडायचंच नाही."

"आत काय ठेवणार?"

"काही नाही. हवा."

सुतारकाकांनी पेन्सिल कानामागे खोचली. "पोरी, बिनदाराचं खोकं आम्ही माणसासाठी एकदाच करतो," ते म्हणाले, "आणि त्याचं गिऱ्हाईक पुन्हा तक्रार घेऊन येत नाही." मग करवत देण्याऐवजी त्यांनी फळ्या ओढून घेतल्या. "तू त्या टोकाला धर. बोटं सांभाळ." पक्कडने टोक धरलं. दोन दिवस तिने फक्त टोकच धरलं. तिसऱ्या दिवशी खोकं घरी आलं, अगदी काटकोनात, गुळगुळीत, साठ लिटरचं, आणि बाजूला एक सुबक दार, बिजागऱ्या, मूठ आणि कडी. "माझ्या हातून वेडंवाकडं काम बाहेर गेलेलं नाही आजवर," सुतारकाका म्हणाले. "तुला नको तर उघडू नकोस."

पक्कडने दाराच्या फटीत डिंक भरला, ते कायमचं बंद केलं आणि उरलेलं काम उद्या करू म्हणून कॉलेजला गेली. तिने खोकं गच्चीत उताणं ठेवलं होतं, स्पीकरचं भोक आभाळाकडे करून. त्या दिवशी बाबांना सुट्टी होती.

आता इथे बाबांची बाजू समजून घेतली पाहिजे. तीस वर्षं ज्या माणसाने एकही लिटर ओतून बघितल्याशिवाय लिटर मानला नाही, त्याच्या स्वतःच्या गच्चीत साठ लिटर म्हणवणारं एक खोकं पडलंय, आणि ते कुणी तपासलेलं नाही. त्याने काय करावं? कागदावरच्या आकडेमोडीवर विश्वास ठेवावा? बाबांनी पाच लिटरचं पितळी माप घेतलं, नळ सोडला आणि ओतायला सुरुवात केली. प्रत्येक माप काठोकाठ, डोळ्यांच्या रेषेत धरून. बारा मापं झाली. साठ लिटर. पण पाणी काठाला लागेना. बाबांच्या कपाळावर आठ्या आल्या. त्यांनी लिटरचं माप आणलं. एकसष्ट. बासष्ट. तेव्हा कुठे पाणी काठाला आलं.

पक्कड घरी आली तेव्हा बाबा दारातच उभे होते. "पक्कड, अगं बासष्ट!" त्यांचा आवाज कापत होता. "तीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय, गिऱ्हाइकाला माप जास्त दिलेलं! दोन लिटर वर! या सुताराचा सत्कार केला पाहिजे."

फळ्या लाकडाचा भुसा दाबून केलेल्या होत्या. ते दोन लिटर खोक्यात नव्हते, फळ्यांच्या पोटात गेले होते. पक्कड गच्चीत गेली तोवर खोक्याचे गाल फुगले होते. तिच्या डोळ्यांदेखत सुबक दार कुरकुरत आपोआप उघडलं आणि उरलेलं साठ लिटर पाणी गच्चीभर पसरून खालच्या मजल्यावर हेडसरांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यांवर गेलं.

हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. पाच मिनिटांत ते ओला सदरा हातात घेऊन वर आले. तक्रार त्यांनी लेखी आणली होती, मुद्द्यांना आकडे घालून. बाबांनी ती वाचली, सही करून पोच दिली आणि ताठ मानेने म्हणाले, "लाकूड निकृष्ट आहे. माझं माप बरोबर आहे."

पक्कडला रडू फुटलं. ती आतल्या खोलीत जाऊन खरंच रडली. बाबांवर ओरडावंसं वाटत होतं, पण दाराच्या फटीतून दिसत होतं की बाबा पितळी मापं एकेक करून कोरड्या फडक्याने पुसताहेत आणि पुसून झालेली पुन्हा पुसताहेत. ती ओरडली नाही. तास-दीड तासाने बाबांनी एक कागद दाराखालून आत सरकवला. त्यावर खात्याच्या भाषेत लिहिलं होतं: 'प्रमाणित करण्यात येते की सदर खोक्याचे आकारमान प्रत्यक्ष पडताळणीअंती बासष्ट लिटर इतके आढळले.' खाली पूर्ण सही आणि तारीख. बाहेरून ते म्हणाले, "तुझ्या वहीला जोड. आपल्याकडून तेवढीच मदत." आता हा कागद फाडायचा कसा? पक्कडने तो वहीला जोडला.

दुसरं खोकं प्लायवुडचं केलं, पाण्याला दाद न देणारं. सुतारकाकांनी या वेळी दार लावलं नाही, पण त्यांचं तोंड त्या खोक्याइतकंच बंद होतं. स्पीकरचं गोल भोक पक्कडने स्वतः कापलं, आणि घोटभर पाणी प्यायला गेली तेवढ्यात काकांनी ते घासून पुन्हा गोल केलं. "तुझं अंड्यासारखं झालं होतं," ते म्हणाले. नळीसाठी ती नळदुरुस्तीवाल्याकडे गेली, तर पाणी जाणार नसलं तरी उतार पाहिजेच म्हणून त्याने स्वतः येऊन नळी बसवून दिली. खोक्याच्या आत लावायला कापूस हवा होता. आईने जुनी गादी उसवून कापूस पिंजला आणि हातासरशी आत शिवूनही टाकला. "तुझे टाके मला माहीत आहेत," आई म्हणाली. तारा जोडताना पक्कडने खोलीला आतून कडी लावली. तेवढंच काम कुणी हिसकावलं नाही, पण चार तारा जोडायला किती वेळ लागणार?

शेवटी खोकं सुरू केलं. आईने एव्हाना त्यावर टेबलक्लॉथ घालून फुलदाणी ठेवली होती. ती फुलदाणी गाण्याच्या पहिल्या ओळीला चालायला लागली आणि दुसऱ्या ओळीला कडेवरून खाली गेली. आवाज मात्र असा आला की पक्कडच्या अंगावर काटा उभा राहिला. खोल, गोल, जमिनीतून आल्यासारखा. आणि त्याच्या मागोमाग आली खुळखुळ.

खोकं बोललं की अख्खं घर बोलायचं. डब्यांची झाकणं, खिडकीची काच, भिंतीवरचं घड्याळ, बाबांची मापं. परीक्षेत खोकं खुळखुळलं तर गुण गेलेच, म्हणून खुळखुळ खोक्याची की घराची हे कळायला हवं होतं. मोजायला यंत्र नव्हतं, कारण ते उपलब्ध नव्हतं. मग पक्कड कानांनीच शोधायला लागली. फोनवरून एकसारखा सूर लावायचा, सेकंदाला वीस कंपनांपासून हळूहळू ऐंशीपर्यंत चढवायचा, आणि घरभर फिरायचं. कुठल्या आकड्याला कोण बोलतं ते वहीत लिहायचं. साखरेच्या डब्याचं झाकण अडतीसला. खिडकीची काच शेहेचाळीसला. बाबांचं पाच लिटरचं माप एक्कावन्नला. बाबांनी ही नोंद दोनदा तपासून घेतली.

चौथ्या दिवशी हेडसर दुसरी लेखी तक्रार घेऊन आले. पण या वेळी त्यांची पंचाईत झाली होती. "आवाज येत नाही," ते म्हणाले, "पण काहीतरी येतंय. न येणाऱ्या आवाजाची तक्रार कशी लिहायची ते मला सुचत नाहीये." पक्कड त्यांच्याबरोबर खाली गेली. हातातल्या फोनवरूनच तिने वरच्या खोक्याचा सूर चढवला. तेहेतीसला हेडसरांच्या घरातून किण्ण असा आवाज आला. पक्कडने डोळे मिटले, दोन पावलं डावीकडे गेली, काचेच्या कपाटावर हात ठेवला. आवाज थांबला. कपाटात हेडसरांना मिळालेल्या स्मृतिचिन्हांपैकी एकाचा स्क्रू ढिला होता. तिने तो पिळला.

हेडसर थक्क झाले. "बाळ, हा आवाज मला चार वर्षं येतोय. लोक म्हणाले, वयाचा आहे."

झालं! हेडसर गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. जिन्यावरच्या काकूंचा पंखा, समोरच्या मावशींचं शिवणयंत्र, तळमजल्यावरच्यांचा पाण्याचा पंप, जो तो पक्कडला बोलावू लागला. दोन आठवडे ती परीक्षेचं सोडून इमारतीचे स्क्रू पिळत होती. आई म्हणाली, "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेयस. परीक्षेचं काय?" वहीतल्या नोंदी मात्र दोनशेच्या पुढे गेल्या.

परीक्षेच्या दिवशी खोकं उचलायला दोन माणसं लागणार होती, म्हणून बाबा बरोबर आले. "तुम्ही फक्त उचलायचं, बाबा. आत यायचं नाही, बोलायचं नाही," पक्कडने बजावलं. बाबांनी मान डोलावली. खोकं प्रयोगशाळेत ठेवून ते दाराबाहेर उभे राहिले. पण तीस वर्षं दुकानांच्या दारात उभं राहून आतलं सगळं बघण्याची सवय होती, ती कुठे जाणार?

परीक्षक तेच होते. चष्माही तोच होता. त्यांनी खोक्याभोवती एक फेरी मारली. "तूच ना ती मागच्या वर्षीची? मुखपृष्ठवाली?"

"हो, सर."

"यात तू स्वतः काय केलंस?"

पक्कडने वर्षभर या क्षणाची वाट पाहिली होती, आणि आता एकेक सांगायला लागल्यावर तिचा आवाज बारीक होत गेला. खोकं सुतारकाकांनी केलं. भोक मी कापलं, पण गोल त्यांनी केलं. नळी नळदुरुस्तीवाल्याने बसवली. कापूस आईने शिवला. आकडेमोड आणि तारा माझ्या.

"आकडेमोड पुस्तकात असते," परीक्षक म्हणाले, "आणि तारा चार आहेत." त्यांनी वही चाळली आणि मध्येच थांबले. "हे काय? आकडेमोडीत साठ लिटर, आणि प्रमाणपत्रात बासष्ट? कुणी मोजलं हे?"

खरं सांगितलं तर बाबांच्या तीस वर्षांच्या नोकरीचं हसं होणार, तेही ते दारात उभे असताना. मागच्या वर्षी खरं बोलून ती नापास झाली होती. या वर्षी ती पहिल्यांदा खोटं बोलली.

"ते मी केलं, सर. पहिल्या खोक्यात मीच पाणी ओतलं. दोन लिटर लाकडाने प्यायले, ते मला कळलं नाही. प्रमाणपत्र मी सांगितलं म्हणून लिहिलं गेलं. चूक माझी आहे."

"लाकडी खोक्यात पाणी?" परीक्षक हसायला लागले. "अरे वा! म्हणजे शेवटी एक गोष्ट तरी तू स्वतः केलीस!"

"नाही साहेब," दारातून आवाज आला.

बाबा आत आले होते. शर्टाची वरची गुंडी लावलेली, मान ताठ, डोळे मात्र जमिनीवर. "पाणी मी ओतलं. बारा मापं मोठी, दोन लहान. सही माझी आहे. तिने मला अडवलं असतं, म्हणून ती घरी नसताना ओतलं. लाकूड पाणी पितं हे मला त्याच दिवशी कळलं होतं. कबूल करवत नव्हतं." मग ते पक्कडकडे वळले. "माझं चुकलं. त्याचं खापर तू आपल्या डोक्यावर का घेतेस?"

पक्कडला एकदम भरून आलं, आणि त्याच वेळी ध्यानात आलं की आता तिच्या नावावर चूकसुद्धा उरली नाही.

परीक्षकांनी घसा खाकरला. "बरं, बरं. वाजवून तरी दाखव."

पक्कडने सूर लावला. वीस. पंचवीस. तीस. जमीन हलके थरथरली, खिडकीतलं कबुतर उडून गेलं. चाळीस. एक्केचाळीस. आणि टर्रर्र!

"खुळखुळतंय," परीक्षकांनी पेन काढलं. "खोकं ढिलं आहे."

"नाही, सर," पक्कड म्हणाली. हा आवाज या घटकेला जगात तिला सगळ्यात जास्त ओळखीचा होता. "खोकं नाही ते. तुम्ही खोक्यावर दोन्ही हात दाबा."

परीक्षकांनी दाबले. टर्रर्र चालूच राहिली. पक्कडने डोळे मिटले, मान किंचित कलती केली आणि चालायला लागली. मागच्या भिंतीशी तीन लोखंडी कपाटं होती. पहिलं ओलांडलं, दुसरं ओलांडलं, तिसऱ्यापाशी थांबली आणि दारावर तळहात टेकला. "कपाटाचं दार नाही. दारं पन्नाशीच्या पुढे वाजतात. आत लोखंडी फळीवर काहीतरी प्लास्टिकचं आहे, आडवं पडलेलं, एक कोपरा वर. खालून दुसऱ्या फळीवर." तिने त्या उंचीवर गुडघा दाबून धरला. आवाज थांबला. गुडघा काढला, टर्रर्र. पुन्हा दाबला, शांत.

परीक्षकांनी खोक्यावरचे हात काढले. "उघडा ते कपाट."

परीक्षेसाठी हजर असलेले स्टोअरवाले काका पुढे आले. "त्याची किल्ली उपलब्ध नाही."

"काकांच्या उजव्या खिशात आहे, सर," पक्कड म्हणाली. "ते आत आले तेव्हापासून वाजतेय."

काकांनी खिशात हात घातला. स्वतःलाच आश्चर्य वाटल्यासारखं तोंड करून त्यांनी जुडगा बाहेर काढला. कपाट उघडलं. खालून दुसऱ्या फळीवर एक काळं यंत्र आडवं पडलं होतं, एक कोपरा वर करून. साउंड मीटर! त्याच्याखाली पक्कडचे चारही अर्ज होते, तिन्ही प्रतींसह, नीट लावून ठेवलेले. चौथ्या अर्जावर यंत्राचा कोपरा टेकला होता, म्हणून ते वाजत होतं.

"आता उपलब्ध झालं," काका म्हणाले.

बाबांनी न विचारताच यंत्र हातात घेतलं, पालथं केलं, मागची चिठ्ठी वाचली. "पडताळणीची मुदत संपून नऊ वर्षं झाली आहेत," त्यांनी गंभीरपणे सांगितलं. "याचं माप ग्राह्य धरता येणार नाही." काकांना कपाटात जाऊन आतून दार लावून घ्यावंसं वाटलं असावं.

परीक्षक पुन्हा वहीकडे गेले. या वेळी त्यांनी शेवटची पानं उघडली, जिथे डब्याची झाकणं, पंखे, शिवणयंत्र आणि हेडसरांची स्मृतिचिन्हं आपापल्या आकड्यांसमोर बसली होती. ते बराच वेळ वाचत राहिले.

"या नोंदी कुणी केल्या?"

"मी, सर."

"किती आहेत?"

"दोनशे अकरा. आजची धरून दोनशे बारा."

"कुणी मदत केली?"

पक्कडने आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. "कुणीच नाही, सर. सगळे नुसते बोलवत होते."

परीक्षकांनी वही मिटली, उलटून पुढून बघितली, मागून बघितली. "याला मुखपृष्ठ नाही."

"नाही, सर," पक्कड म्हणाली. "या वर्षी वेळ मिळाला नाही."

परीक्षकांनी सही केली, गुण लिहिले आणि पेनाला टोपण लावता लावता हळूच विचारलं, "माझ्या गाडीत डाव्या बाजूला काहीतरी वाजतं, दोन वर्षं झाली. जाता जाता जरा ऐकशील का?"

टेम्पोतून परतताना खोकं मध्ये होतं आणि दोन बाजूंना बापलेक. वळणावर बाबांनी खोकं दोन्ही हातांनी धरलं. मग बाबा म्हणाले, "खोटं का बोललीस?"

"तुम्ही दारात होतात म्हणून."

"पुन्हा बोलू नकोस. माझ्यासाठीसुद्धा नाही." आणि थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघत, "पण बरं वाटलं गं मला."

घरी आल्यावर बाबांनी वहीतून ते प्रमाणपत्र सोडवलं, बासष्टवर रेघ मारली, वर साठ लिहिलं, शेजारी लिहिलं, 'दोन लिटर लाकडाने घेतले, निरीक्षकाच्या नजरचुकीने,' आणि खाली सही केली. पक्कडने ते पुन्हा वहीला जोडलं. आईने खोक्यावर टेबलक्लॉथ घातला. सगळं कसं स्थिरस्थावर झालं.

मग बाबांची नजर नव्या खोक्यावर गेली. ते उठले, एक फेरी मारून आले, स्पीकरच्या भोकाचा अंदाज घेतला.

"पण हे तरी साठ आहे कशावरून?" ते म्हणाले.

आईने फळीवरचं पाच लिटरचं माप उचललं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली पक्कडच्या हातात दिली. ती मूठ आता कोण उघडणार?